उतारावरची चढण



वैशाखाच्या ऐन उकाड्यात, हातातल्या पंख्याला विश्रांती नसताना, बर्फाविषयी बोलावयास उभे राहणे हे काहीसे धाडसाचे काम आहे. त्यातून मी स्वतः कधी स्कीवर उभा राहिलेलो नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. परंतु एखाद्या खेळाचा इतिहास पाहू लागले, की तो खेळ आपल्या गावी खेळला जातो की नाही हा प्रश्न मागे पडतो. माणसे शर्यत का लावतात, तिचे नियम कोण करतो, आणि त्या शर्यतीत उभे राहण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हे प्रश्न बर्फावरही तेच असतात आणि तालमीच्या मातीतही तेच असतात. म्हणून आज डोंगरउतारावरून स्कीवर धावण्याच्या शर्यतींचा इतिहास आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या दोन लांब, अरुंद, पुढून वर वळलेल्या फळ्या. पाऊल बर्फात रुतू नये म्हणून माणसाने त्या प्रथम वापरल्या. उत्तर युरोपातील दलदलींत चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या स्की सापडल्या आहेत. तेव्हा हे साधन गाडीच्या चाकाच्या तोडीचे जुने आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शिकारी, मेंढपाळ, टपालवाला आणि सैनिक हे त्याचे पहिले धनी. खेळ म्हणून त्याची गणना पुष्कळच नंतर झाली. १७६७ साली नॉर्वेच्या सैन्यात स्कीच्या स्पर्धांना लेखी नियम आणि रोख बक्षिसे लावण्यात आली. झाडाझुडपांतून उतरताना पडावयाचे नाही व स्की मोडावयाची नाही, उतारावर काठीचा आधार घ्यावयाचा नाही, अशा त्या परीक्षा होत्या. म्हणजे आरंभ झाला तो करमणुकीतून नव्हे, तर कामाच्या गरजेतून.

या खेळाला नवे वळण लावणारा पुरुष एक गरीब कूळ होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात मॉर्गेडाल नावाचे खेडे आहे. तेथे १८२५ साली सोंद्रे नूरहाइम जन्मला. त्याची स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर तो संसार करी. पूर्वी स्की फक्त बोटांपाशी बांधलेली असे, त्यामुळे टाच मोकळी राही आणि वळताना पायाचा ताबा सुटे. नूरहाइमने लवचीक डहाळ्यांचा पिळलेला फास टाचेमागून घेतला, आणि मध्ये किंचित निमुळती होत जाणारी स्की वापरली. या दोन साध्या सुधारणांमुळे उडी मारणे, वळणे, थांबणे हे सारे पायाच्या हुकमतीत आले. १८६८ साली राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील स्पर्धेत वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षात असलेल्या या कुळाने शहरी मंडळींना थक्क करून पहिला क्रमांक मिळविला. पुढे १८८४ साली पोटासाठी त्याने अमेरिका गाठली, आणि १८९७ मध्ये तेथील नॉर्थ डकोटाच्या सपाट मुलखात तो वारला. त्याच्या कबरीवर कितीतरी वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. परंतु जगभर बोलला जाणारा 'स्लालम' हा शब्द त्याच्याच प्रांताच्या बोलीतला आहे. उताराच्या अंगाने गेलेली वाट, असा त्याचा मूळ अर्थ.

आता हा खेळ आल्प्स पर्वतात कसा आला ते पाहू. १८८८ साली फ्रिट्यॉफ नान्सेन याने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक युरोपभर वाचले गेले, आणि मध्य युरोपातील तरुणांना स्कीचे वेड लागले. पण आल्प्सचे कडे नॉर्वेच्या टेकड्यांहून फार उभे. तेथे सरळ धावण्यापेक्षा वेग आवरून वळण्याचे महत्त्व अधिक. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथील मातियास झ्डार्स्की याने वळण्याची एक शिस्तशीर पद्धत बसविली. १९ मार्च १९०५ रोजी त्याने एका उतारावर ८५ दारे रोवून २४ स्पर्धकांना त्यांतून उतरावयास लावले. 'दार' म्हणजे दोन काठ्यांमधली वाट. ती चुकली की स्पर्धक बाद. आजच्या वळणांच्या शर्यतींचे बीज यातच होते.

तथापि या खेळाला आजचे रूप ज्याने दिले तो मनुष्य ना नॉर्वेचा, ना ऑस्ट्रियाचा. तो जन्मला आपल्या देशात, मद्रासेस, १८८८ साली. त्याचे नाव आर्नल्ड लन. बाप मिशनरी म्हणून तेथे होता, पुढे इंग्लंडला परतून त्याने हिवाळी सहलींचा धंदा काढला, आणि त्या निमित्ताने मुलाला आल्प्स घडले. १९०९ साली वेल्समधील एका कड्यावरून पडून आर्नल्डच्या पायाचा चुराडा झाला. तो पाय कायमचा आखूड झाला आणि जन्मभर दुखत राहिला. त्याच पायाने त्याने पुढे स्की चालविली. ६ नव्हे, ७ नव्हे, दोन पिढ्यांच्या शर्यतींना नियम घालून देणारा हा मनुष्य लंगडत चालत असे!

जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील मॉन्टाना येथे लनच्या पुढाकाराने एक शर्यत झाली. हिमनदीच्या माथ्यावरून सगळे स्पर्धक एकदम सुटले आणि खाली गावापर्यंत ज्याला जसे सुचले तसे उतरले. वाट आखलेली नव्हती, बर्फ तुडवून सारखा केलेला नव्हता. या शर्यतीच्या चषकाला नाव होते लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचे. हे रॉबर्ट्स कानपुरात जन्मलेले, आणि १८८० साली काबूलहून कंदाहारवर कूच करून गेलेले सेनापती. त्यामुळे अफगाणिस्तानातल्या त्या रखरखीत शहराचे नाव आल्प्सच्या बर्फाला चिकटले ते कायमचे. आजही आल्प्समधल्या शर्यतींच्या वाटांना 'कंदाहार' म्हणतात. इतिहासाच्या अशा गमती कादंबरीकाराला सुचणार नाहीत.

परंतु लनचे खरे कर्तृत्व याहून निराळे आहे. त्या काळी वळणांच्या परीक्षेत सौंदर्याला गुण असत. वळण डौलदार आहे की नाही हे पंच ठरवीत. लनने एक साधा प्रश्न विचारला. वळण घ्यावयाचे कशासाठी? वाटेतला अडथळा चुकविण्यासाठी. मग तो कमीत कमी वेग गमावून ज्याने चुकविला, त्याचेच वळण उत्तम, मग ते दिसावयास कसेही असो. २१ जानेवारी १९२२ रोजी म्यूरेन येथे त्याने दारे रोवली, हाती घड्याळ घेतले, आणि फक्त वेळ मोजला. आधुनिक स्लालमचा जन्म त्या दिवशी झाला असे मानतात. ही गोष्ट वरवर लहान दिसते. पण पंचाच्या आवडीनिवडीच्या जागी घड्याळ आले, याचा अर्थ असा की कोणाचा मुलगा, कोणत्या देशाचा, कोणत्या घराण्याचा हे विचारण्याचे कारणच उरले नाही. निदान तसे वाटले खरे. ते कितपत खरे ठरले, याचा विचार आपण पुढे करणारच आहोत.

नव्या गोष्टीला विरोध व्हावयाचाच. २ फेब्रुवारी १९२४ रोजी फ्रान्समधील शामॉनी येथे आंतरराष्ट्रीय स्की महासंघ स्थापन झाला. त्यात उत्तरेकडील देशांचा शब्द चाले. त्यांच्या मते स्की म्हणजे रानावनांतून लांब पल्ला तोडणे आणि उडी मारणे. डोंगरावरून नुसते खाली येणे यात कसला पुरुषार्थ, असा त्यांचा सवाल होता. लनने त्यांच्याशी वाद घालणे सोडले नाही. १९२८ साली हान्नेस श्नायडर या ऑस्ट्रियन गुरूच्या साहाय्याने सांक्ट अँटन येथे त्याने आर्लबर्ग-कंदाहार ही स्पर्धा सुरू केली. १९३० च्या ऑस्लो येथील अधिवेशनात अखेर डाउनहिल आणि स्लालम या दोन्ही प्रकारांना मान्यता मिळाली, आणि १९३१ साली म्यूरेन येथेच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. तिच्यात स्त्रियांच्याही शर्यती होत्या, हे विशेष. एस्मे मॅकिनन या ब्रिटिश तरुणीने डाउनहिल व स्लालम या दोन्ही शर्यती जिंकल्या.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९३६ साली गार्मिश-पार्टनकिर्खेन येथे आला. दोन्ही शर्यतींची बेरीज करून एकच पदक द्यावयाचे होते. नॉर्वेचा बिर्गर रूड हा मूळचा उडीचा खेळाडू. त्याने डाउनहिल जिंकली, पण स्लालममध्ये मागे पडून तो चौथा आला. जर्मनीची क्रिस्टल क्रान्झ डाउनहिलमध्ये पडली, सहावी आली, आणि स्लालममध्ये सर्वांना मागे टाकून सुवर्णपदक घेऊन गेली. पण याच ऑलिंपिकमध्ये एका दुखण्याला तोंड फुटले. स्की शिकवून पोट भरणारे लोक धंदेवाईक ठरविण्यात आले आणि त्यांना बंदी झाली. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांचे उत्तम खेळाडू नेमके हेच. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या पोराला हिवाळ्यात दुसरा उद्योग तो कोणता? ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो हौशी, आणि जो कष्ट करून शिकतो व शिकवितो तो अपात्र, असा तो न्याय होता. नूरहाइम जिवंत असता तर त्याला तरी आत घेतले असते की नाही, कोण जाणे! हे भांडण पुढे छत्तीस वर्षे धुमसत राहिले. १९७२ साली साप्पोरो येथे कार्ल श्रान्झ या ऑस्ट्रियन खेळाडूला जाहिरातीच्या पैशाच्या आरोपावरून घरी पाठविण्यात आले, तेव्हा व्हिएन्नात त्याच्या स्वागताला रस्ते भरून माणसे लोटली. १९७४ पासून हे नियम हळूहळू सैल होत गेले.

येथवर झाला तो इतिहास. आता आपल्यापैकी कोणी विचारील, की आज एखाद्या मुलाला या शर्यतीत उतरावयाचे असेल तर त्याने काय करावे? हा प्रश्न इतिहासाबाहेरचा नव्हे, कारण आजची सारी व्यवस्था त्या जुन्या भांडणांतूनच घडली आहे.

प्रथम प्रकार समजून घेऊ. डाउनहिल ही सर्वांत वेगवान शर्यत. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत माथा आणि पायथा यांत ८०० ते ११०० मीटर उंचीचे अंतर असते, आणि धाव एकच. स्लालममध्ये उतार लहान, दारे जवळजवळ, आणि वळणे झटपट. ती दोनदा धावावयाची आणि दोन्ही वेळांची बेरीज करावयाची. जायंट स्लालम व सुपर-जी हे प्रकार या दोहोंच्या मधले. मुलाचा आरंभ मात्र यांपैकी कशानेच होत नाही. तो होतो थांबावयास शिकण्याने. स्कींची टोके जवळ आणि टाचा दूर, अशी नांगराच्या फाळासारखी रचना करून तो वेग आवरतो. मग दोन्ही स्की समांतर ठेवून वळतो. नंतर बुटक्या दांड्यांची दारे रोवून सराव. गावच्या किंवा संस्थेच्या स्पर्धा येतात त्या यानंतर. शर्यतीपूर्वी उतार नीट पाहण्याची वेळ दिलेली असते. मुले कडेकडेने सावकाश घसरत उतरतात, प्रत्येक दार मनात साठवितात, आणि वर जाऊन डोळे मिटून ते वळण हाताने हवेत काढून पाहतात. पाठांतराची ही रीत पाहिली तर आपल्याकडच्या जुन्या शाळांची आठवण होते.

दहा, बारा, चौदा, सोळा वर्षांखालील असे मुलांचे वयोगट असतात. प्रथम संस्थेची, मग विभागाची, मग देशाची स्पर्धा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला आंतरराष्ट्रीय महासंघाचा परवाना मिळू शकतो, आणि तेथून त्याच्या नावापुढे एक आकडा लागतो. हा आकडा हीच खरी शिडी. तिचे गणित थोडे समजून घ्या, कारण सारी मेख तेथेच आहे.

एका डोंगरावरील एक मिनिट आणि दुसऱ्या डोंगरावरील एक मिनिट यांची तुलना होऊ शकत नाही. उतार निराळा, बर्फ निराळा. म्हणून विजेत्याच्या वेळेशी आपल्या वेळेचे प्रमाण काढतात. समजा, जायंट स्लालममध्ये पहिल्याला १०० सेकंद लागले आणि तुम्हांला १०५. म्हणजे तुम्ही शेकडा ५ मागे. या प्रकारासाठी ठरविलेला गुणक १०१०. त्याने गुणले की तुमचे गुण आले ५०.५. त्यात आणखी एक भर पडते. त्या दिवशी मैदानात कोण कोण नामांकित खेळाडू होते, ते पाहून ती ठरवितात. स्पर्धा दुबळी असेल तर भर मोठी, सबळ असेल तर लहान. येथे गुण जितके कमी तितका खेळाडू मोठा. जगातील अव्वल खेळाडू शून्याच्या आसपास असतात, आणि नवखा शंभराच्या कितीतरी पलीकडून आरंभ करतो.

या शिडीची पायरी अशी. तळाशी महासंघाच्या साध्या शर्यती. त्यांवर देशोदेशीची राष्ट्रीय अजिंक्यपदे. त्यांवर खंडांचे चषक. युरोपचा, उत्तर अमेरिकेचा, दक्षिण अमेरिकेचा, अतिपूर्वेचा आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, असे ते आहेत. खंडचषक जिंकणाऱ्याला विश्वचषकात हक्काची जागा मिळते. विश्वचषक १९६७ साली सुरू झाला. सेर्ज लाँग हा वृत्तपत्रकार आणि फ्रान्स व अमेरिका यांचे प्रशिक्षक ऑनोरे बॉने व बॉब बीटी यांची ती कल्पना. एका दिवसाच्या नशिबावर अजिंक्यपद ठरू नये, सबंध हिवाळाभर जो टिकेल तो श्रेष्ठ, असा त्यामागचा विचार. पहिल्याच वर्षी फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीने १७ पैकी १२ शर्यती जिंकल्या, आणि स्त्रियांत कॅनडाची नॅन्सी ग्रीन पहिली आली. हल्ली विजेत्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, आणि तिसाव्याला १, असा हिशेब आहे. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक हे तर शिखर.

आता मघाशी सोडलेला प्रश्न हाती घेऊ. घड्याळ निःपक्षपाती आहे. पण शर्यतही तशीच आहे काय? उतारावर ज्यांचे गुण उत्तम ते आधी सुटतात. तेव्हा बर्फ गुळगुळीत असतो. चाळीस-पन्नास जण गेल्यावर दारांपाशी चर पडतात, आणि पाठीमागून येणाऱ्या नवख्याला खणलेल्या रस्त्यावरून धावावे लागते. ज्याला मदत हवी त्याच्याच वाट्याला वाईट वाट येते. नियमकर्त्यांनाही हे दिसले. म्हणून विश्वचषकाच्या स्लालममध्ये दुसऱ्या धावेला पहिल्या तिसांचा क्रम उलटा लावतात. तिसावा आधी सुटतो आणि पहिला शेवटी. न्यायाचा हा एक छोटासा प्रयत्न आहे, आणि मला तो फार आवडतो. परंतु त्याचा लाभ मिळावयास आधी पहिल्या तिसांत यावे लागते, हेही विसरता येत नाही.

डोंगराखालचे अंतर तर याहून मोठे. हेल्मेट, निरनिराळ्या प्रकारांना निरनिराळ्या स्की, गुरू, वर नेणाऱ्या पाळण्याचे भाडे, आणि मुख्य म्हणजे प्रवास. गुण सुधारावयाचे तर सबळ स्पर्धेत उतरले पाहिजे, आणि सबळ स्पर्धा बहुधा आल्प्समध्ये. तेव्हा ज्या देशात बर्फ आहे पण पैसा नाही, त्या देशाच्या मुलाचे काय?

हा प्रश्न आपल्या देशालाही लागू आहे. काश्मीरमधील गुलमर्ग येथे इंग्रजी अमलात, १९२७ साली, स्कीची संस्था निघाली. ती मुख्यत्वे साहेबलोकांची. १९४८ साली तेथेच आपल्या सैन्याची स्कीची शाळा निघाली. ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावाने प्रथम स्कीवर उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलिश वंशाचा तरुण, १९६४ साली इन्सब्रुक येथे. डाउनहिल त्याला पुरी करता आली नाही. चार वर्षांनी ग्रनोबल येथे तो पुन्हा उतरला. १९८८ साली कॅल्गरी येथे शैलजा कुमार हिने स्लालम पुरी करून अठ्ठाविसावा क्रमांक मिळविला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. जानेवारी २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातील महासंघाच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. स्कीमध्ये भारताला मिळालेले ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून त्याचा गौरव झाला. ही शर्यत शिडीच्या खालच्या पायऱ्यांपैकी होती. पण खालची पायरी म्हणून तिला हिणवण्याचे कारण नाही. पहिली पायरी नसती तर शिडी कसली?

आणि २०२२ साली बीजिंग येथे भारताच्या वतीने सबंध ऑलिंपिकमध्ये एकटा खेळाडू होता, गुलमर्गच्या परिसरातला आरिफ मोहम्मद खान. उद्घाटनाला ध्वज त्याच्याच हाती. जायंट स्लालमच्या दिवशी दाट बर्फवृष्टी होत होती. जवळजवळ निम्मे स्पर्धक शेवटपर्यंत पोचले नाहीत. आरिफ पोचला, पंचेचाळिसावा. स्लालममध्ये मात्र पहिल्याच धावेत त्याचे दार चुकले. पंचेचाळीस हा आकडा वर्तमानपत्रात लहानच दिसतो. पण ती शिडी कशी रचली आहे हे समजल्यावर तो आकडा तितका लहान वाटत नाही. प्रत्येक उणा होणारा गुण परमुलखात जाऊन, पाठीमागून सुटून, खणलेल्या वाटेवर मिळवावा लागतो.

आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा भरू लागल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा बर्फ न पडल्याने तेथील स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. आल्प्समध्ये बर्फ कमी पडला तर यंत्रांनी तो तयार करतात. ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याने आभाळाकडे पाहावे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

श्रोतेहो, लनने पंचाच्या हातून निकाल काढून घड्याळाच्या हाती दिला, हे त्याचे मोठे ऋण आहे. घड्याळ खोटे बोलत नाही. पण ते सुरू होते ते सुटण्याच्या दारापाशी, आणि त्या दारापर्यंत पोचण्याची शर्यत ते मोजत नाही. ती मोजण्याचे व सुकर करण्याचे काम समाजाचे. ज्या खेळाला एका भूमिहीन कुळाने पिळलेल्या डहाळ्यांनी आकार दिला, तो खेळ केवळ श्रीमंतांचा ठरावा, यासारखी दुसरी विपरीत गोष्ट नाही. आणि हे केवळ स्कीपुरतेच खरे आहे असे आपणांस वाटत असेल, तर घरी जाता जाता आपल्या गावातल्या एखाद्या तालमीच्या दाराशी क्षणभर थांबून पाहावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.